थांबून थांबून दिसतं

गेल्या आठवड्यात इथे काही लिहिलं नाही, कारण अख्खा शनिवार-रविवार मी साताऱ्याला घरी एका स्टुलावर उभा होतो. डोक्यात जळमटं, तोंडात दोन केबल क्लिपा, आणि खाली बाबा स्टूल धरून "पडशील रे" म्हणतायत. एवढं करून काय केलं, तर घरातलं वायफाय दुरुस्त केलं. हसू नका! माझं पोट नेटवर्किंगवरच चालतं, आणि हेच काम मी गेले आठ महिने फोनवरून करत होतो. म्हणजे खरं तर करत नव्हतो.

झालं असं की ताईला जर्मनीत मुलगा झाला. त्याचं वय आठ महिने, आणि आमच्या घरच्या वायफायच्या तक्रारीचं वयही साधारण तेवढंच. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले की तिथली संध्याकाळ असते, तेव्हा आई तिला व्हिडिओ कॉल लावते. पहिल्याच महिन्यात आईचा मला फोन, "अरे, बाळ दिसतं, पण थांबून थांबून."

मी म्हटलं, "राउटर बंद करून परत चालू कर."

आता ऑफिसात एखाद्या क्लायंटने नुसतं "सिस्टिम स्लो आहे" म्हटलं तर मी त्याला भंडावून सोडतो. कधीपासून? कुठून? सगळ्यांना की एकालाच? सकाळी की रात्री? काल काय बदललंत? आईला मात्र यातला एकही प्रश्न विचारला नाही. बंद करून चालू कर. तिने केलं. चार दिवसांनी परत तेच. मग मी पुण्यात बसल्या बसल्या प्लॅन वाढवून २०० एमबीपीएसचा केला. काही फरक नाही. मग दिवाळीला नवा राउटर घेऊन गेलो, चार अँटेनावाला, उलटा पडलेल्या खेकड्यासारखा दिसणारा. बाबांनी तो हॉलमधल्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, आईने विणलेल्या रुमालावर ठेवला. महागाची वस्तू, धूळ बसायला नको! मी मोबाईलवरून सेटिंगं ठोकली आणि "आता बघा" म्हणून पुण्याला परत आलो.

त्यानंतर आईची तक्रार बंद झाली. मी खूष. तिकीट क्लोज्ड!

दोन आठवड्यांपूर्वी ताईचा मेसेज आला. "आई हल्ली व्हिडिओ लावतच नाही रे. नुसताच आवाज. पिल्लूला वाटतं आजी फोनमध्ये राहते."

मग काय, शुक्रवारी रात्री ऑफिसातून थेट निघालो. खंबाटकी घाटात नेहमीप्रमाणे तासभर ट्रकच्या मागे बसून विचार केला, आणि बॅगेत लॅपटॉप, एक नवी नेटवर्क केबल आणि बऱ्यापैकी आत्मविश्वास घेऊन मध्यरात्री घरी पोचलो.

शनिवारी सकाळी चहाच्या आधीच हॉलमध्ये उभं राहून स्पीड टेस्ट केली. ९४.

"बघ आई, चौऱ्याण्णव! व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "मी हॉलमध्ये बसून बोलते का?"

"मग बस ना हॉलमध्ये."

ती काहीच बोलली नाही, आत गेली. मी मागे गेलो तर पोह्यांवर पाणी मारता मारता म्हणाली, "सगळ्यांदेखत लेकीला काय विचारणार मी? बाहेर ह्यांच्या बातम्या चालू. आणि आवाजावर ती मला फसवते. 'मी मस्त आहे' म्हणते. चेहरा दिसला की कळतं खरं काय ते."

आठ महिन्यांत पहिल्यांदा मला प्रॉब्लेम स्टेटमेंट मिळालं होतं, आणि ते फोनवर एका प्रश्नात मिळालं असतं.

मी स्वयंपाकघरात टेस्ट लावली. ४. बाहेरून बाबा म्हणाले, "सकाळी चारच येतात. रात्री पाऊणसुद्धा येत नाही." आणि कपाटातून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली.

बाबांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. बाबा टेलिफोन खात्यात होते. सुरुवात लाइनमन म्हणून केली, खांबावर चढण्यापासून. १९८ वर कोणी "फोन डेड आहे" अशी तक्रार नोंदवली की सायकल काढून निघायचे. रिटायर झाले तरी नोंदी ठेवायची सवय सुटलेली नाही. मी दिवाळीत त्यांना स्पीड कसा बघायचा ते सहज दाखवलं होतं आणि विसरलो होतो. ते विसरले नव्हते. वहीत पट्टीने आखलेले रकाने : तारीख, वेळ, खोली, आकडा, शेरा. गेल्या दोन महिन्यांतल्या नोंदी, सकाळी एक आणि रात्री एक, पेन्सिलीने.

शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी लिहिलं होतं, "थांबून थांबून". जानेवारीनंतर नुसतं "आवाज".

"मला सांगितलं का नाही?"

"तू कामात असतोस. आणि तू राउटर बदललास ना, म्हटलं आमचंच काहीतरी चुकत असेल."

यावर काय बोलणार! मी पोहे घेतले आणि वही वाचत बसलो. दोन महिन्यांच्या नोंदी इतक्या स्वच्छ होत्या की ऑफिसात असा डेटा मिळाला तर मी पार्टी देईन. हॉलमध्ये सकाळी ९३, ९४, ९४. हॉलमध्ये रात्री ९४, ९३, ९४. स्वयंपाकघरात सकाळी ३ ते ५. स्वयंपाकघरात रात्री ०.७, ०.४, एकदा नुसतीच फुली.

बाबांनी हॉलच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हे मला पटत नाही. प्लॅन दोनशेचा ना? मग दोन महिन्यांत एकदाही शंभर नाही, आणि एकदाही ऐंशी नाही. हवेतली गोष्ट अशी सरळ रेषेत चालत नाही. कुठेतरी झाकण बसलंय."

मी खाता खाता थांबलो. नेटवर्कवाल्याला ९४ हा आकडा नुसता ऐकून कळायला हवा. १०० एमबीपीएसच्या तारेवरून, पाकिटांवरचे पत्तेबित्ते वजा जाता, हातात साधारण ९४ च पडतात. म्हणजे वायफायच्या आधीच, कुठल्यातरी तारेत, आमचे २०० चे १०० होत होते. मी सकाळी तोच आकडा आईला अभिमानाने दाखवला होता. :)

"आता कसं शोधणार?" बाबांनी विचारलं, पण उत्तर त्यांच्याकडेच तयार होतं. "आम्ही काय करायचो, लाइनच्या मधोमध जायचो. तिथे टेस्ट फोन लावायचा. एक्स्चेंजकडे बघायचं, मग घराकडे बघायचं. एक बाजू चांगली निघाली की अर्धं काम संपलं. उरलेल्या अर्ध्याच्या परत मधोमध."

याला आम्ही बायनरी सर्च म्हणतो. मी तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकलो, बाबांनी तो सायकलवर केला.

तर आमची लाइन अशी : व्हरांड्यात फायबरचा डबा, तिथून एक जुनी केबल दारावरून हॉलमध्ये, तिथे राउटर, आणि पुढे हवा. मी लॅपटॉप माझ्या नव्या केबलने थेट फायबरच्या डब्याला लावला. १९६. म्हणजे बाहेरचं सगळं निर्दोष. मग तोच लॅपटॉप जुन्या केबलच्या हॉलमधल्या टोकाला. ९४. झालं, चोर सापडला! मी केबलचा जॅक उजेडात धरला. पारदर्शक प्लॅस्टिकमधून आठ तारा दिसायला हव्यात. चारच दिसत होत्या.

नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, त्यापुढे हजारापर्यंत जायचं तर चारही लागतात. दोनच असल्या तर दोन्हीकडची उपकरणं गुपचूप शंभरावर तडजोड करतात आणि कोणाला काही सांगत नाहीत.

"ही कोणत्या गाढवाने लावलीय?" मी म्हटलं.

बाबांनी चष्मा लावला, केबल हातात घेतली, बराच वेळ बघितली. "मीच," ते म्हणाले. "२०१२ साली. तेव्हा दोन एमबीपीएसचं ब्रॉडबँड होतं. दोन जोड्या नेटला, आणि निळ्या जोडीवरून आतल्या खोलीतला फोन काढला होता. एका केबलीत दोन कामं."

तो फोन कधीच काढून टाकलाय. निळी जोडी अजून दारामागे कापून, चिकटपट्टी गुंडाळून लोंबत होती.

बाबांची पेटी आली. त्यात जॅक दाबायचा पंच होता, वाण्याकडच्या पुडीत बांधलेले चार-पाच जॅक होते. मी क्रम सांगत होतो : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ते तारा सरळ करत होते. आता त्यांचा हात थोडा थरथरतो. पहिल्या जॅकमध्ये दोन तारा आलटापालट झाल्या, तो कापून टाकला. मी "द्या मी करतो" म्हणणार होतो, पण आईने स्वयंपाकघरातून माझ्याकडे अशी बघितली की गप्प बसलो. दुसरा जॅक बसला. दुसरं टोक त्यांनी एका दमात केलं. हॉलमध्ये १९०. बाबांनी वही उघडली, आकडा लिहिला, शेऱ्यात लिहिलं, "केबल दोष. स्वतःचा."

मग स्वयंपाकघरात टेस्ट केली. ४!

इथे माझ्यातला इंजिनिअर चिडला असता, पण वही सांगत होती की हे होणारच. हॉलचं झाकण वेगळं, स्वयंपाकघराचं दुखणं वेगळं. आपण नेहमी धरून चालतो की दुखणं एक म्हणजे कारण एक. आठ महिने मी एकच औषध शोधत होतो.

आमचं पेठेतलं घर जुनं आहे. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये दीड फुटाची दगडी भिंत, तिला टेकून मधल्या खोलीत आरशाचं लोखंडी कपाट. मोबाईलवर सिग्नलचा आकडा बघितला : हॉलमध्ये उणे ४९, स्वयंपाकघरात उणे ७९. हे आकडे दिसायला साधे असतात, पण त्यात दर दहाला दहापट फरक पडतो. तीसचा फरक म्हणजे हजारपट. हॉलमध्ये येणाऱ्या ताकदीचा हजारावा हिस्सा आईच्या फोनला मिळत होता. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा तर तिथे दिसतच नव्हता, कारण फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी ती भिंतीत लवकर दम तोडते. राहता राहिला २.४ चा पट्टा. आणि त्याची वाट लावणारा दुसरा माणूस मी स्वतः होतो.

घरामागे जुना वाडा पाडून सहा मजली अपार्टमेंट झालंय. स्वयंपाकघरात उभं राहून स्कॅन केलं तर १७ नेटवर्कं दिसली, त्यातली पाच आमच्या स्वतःच्या राउटरपेक्षा जोरात. २.४ चा पट्टा भारतात २००५ साली विनापरवाना झाला, तेव्हापासून तो सगळ्यांचाच. त्यात चॅनल तेरा असले तरी ते एकमेकांपासून पाच-पाच मेगाहर्ट्झवर आहेत, आणि राउटर बोलतो तेव्हा कमीत कमी वीस व्यापतो. म्हणून एकमेकांना न खेटणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. दिवाळीत मी बघितलं की शेजारी सगळे १, ६, ११ वर आहेत आणि ३ रिकामा आहे. मी हुशार! लावला ३. वर रुंदी २० ची ४० केली, रस्ता रुंद तर गाडी जोरात म्हणून.

वायफायचा नियम असा की बोलायच्या आधी ऐकायचं, दुसरा बोलत असेल तर थांबायचं. एकाच चॅनलवरचे दोन राउटर एकमेकांचं बोलणं समजून आळीपाळीने बोलतात. पण शेजारच्या चॅनलवरचं अर्धवट बोलणं कळत नाही, ते नुसता गोंगाट म्हणून कानावर येतं. मी आमचा राउटर १ आणि ६ च्या मधोमध नेऊन बसवला होता आणि त्याला दोन्हीकडच्या गोंगाटात हात पसरायला सांगितलं होतं. दिवसा अपार्टमेंट ऑफिसात असतं, तेव्हा ४ मिळायचे. रात्री नऊला सगळे आपापल्या मालिका आणि मॅच घेऊन बसले की ०.७. बरोबर आईच्या कॉलच्या वेळेला.

"म्हणजे दिवाळीत तू बिघडवलंस?" बाबांनी विचारलं.

"थोडंफार."

"लिही मग," म्हणून त्यांनी पेन्सिल पुढे केली. मी शेऱ्यात लिहिलं, "चॅनल दोष. स्वतःचा."

उपाय तसा सोपा. दीड फुटी दगडातून हवेने जाता येत नसेल तर तारेने जायचं. दिवाळीत माळ्यावर टाकलेला जुना राउटर खाली काढला. त्याचं पत्ते वाटायचं काम बंद केलं, कारण घरात पत्ते वाटणारा एकच असावा, नाहीतर कोण कोणाचं ऐकतंय तेच कळत नाही. बाजारातून पंधरा मीटर केबल आणली. रविवारी सकाळपासून ती माळ्यावरून, मधल्या खोलीतून, स्वयंपाकघराच्या झरोक्यातून नेली. स्टूल, जळमटं आणि क्लिपा हे त्यातलंच प्रकरण. जुना राउटर मसाल्याच्या फडताळावर, उघड्यावर बसवला. चॅनल ११, कारण त्या कोपऱ्यात ११ वरचे शेजारी सगळ्यात मंद ऐकू येत होते. रुंदी २०. हॉलमधला खेकडा टीव्हीमागून काढून उंच फळीवर ठेवला, चॅनल १. प्रत्येक बदलानंतर एक टेस्ट, एक नोंद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा बाबांचा आग्रह. मला दोन-तीन एकदम उरकायच्या होत्या, पण वही त्यांच्या हातात होती.

दुपारी स्वयंपाकघरात ५८. पण दुपारचं मला काही खरं वाटत नव्हतं. रात्री नऊ वाजेपर्यंत मी परत निघालो नाही, सोमवारची सकाळची मीटिंग पुढे ढकलली.

नऊला आईने पदराला हात पुसले, ओट्यापाशी स्टूल घेऊन बसली आणि फोन डब्याला टेकवून व्हिडिओ लावला. मी आणि बाबा दारात. ताई दिसली. हलत होती, बोलत होती, ओठ आणि आवाज एकत्र. मांडीवर पिल्लू, ते स्क्रीनला हात लावायला पुढे आलं. आईने एवढ्या दिवसांनी त्याला नीट पाहिलं, पण पहिलं वाक्य त्याच्यासाठी नव्हतंच. ताईकडे बघून म्हणाली, "काय गं, डोळे असे का दिसतायत?"

"काही नाही गं, मस्त आहे मी."

आई काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. ताई थोडा वेळ हसत होती, मग हसायची थांबली. आईने हात मागे करून आम्हाला जा अशी खूण केली आणि दार लोटून घेतलं.

आम्ही बाहेर बातम्या लावल्या, आवाज बंद करून. पन्नास मिनिटांनी आई बाहेर आली. डोळे पुसलेले होते, पण आवाज ठाम होता. "ती रात्र रात्र झोपत नाहीये. जावई फिरतीवर. दोन महिने झाले, कोणाला बोलली नाही. मला जायला हवं. तू ते व्हिसाचं काय असतं ते बघ."

मी पहाटे पुण्याला निघालो. व्हिसाचे कागद जमवायला घेतलेत, त्यात यंदाच्या वीकेंडचा हाच उद्योग. तुमच्याही घरून "नेट स्लो आहे" असा फोन येत असेल तर राउटर बंद-चालू करायला सांगण्याआधी फक्त विचारा, कुठे बसून बोलतेस, आणि किती वाजता.

निघताना बाबांची वही टेबलावर उघडी होती. रविवार, रा. ९.१०, स्वयंपाकघर, ५१. आणि शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीने : "खालचे दोन दात आले आहेत."